एकतर पूर्ण आत, नाहीतर पूर्ण बाहेर

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू दोन्ही बाजू एका दमात मांडल्यास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे सरकारच्या फुकट उपचारांच्या योजनेत, हॉस्पिटल घातलं तर पॅकेजचा दर, म्हणजे एका उपचाराचे हॉस्पिटलला मिळणारे ठरीव पैसे, परवडत नाही. नाही घातलं तर आटपाडीचा पेशंट तुझ्या दारावरून थेट मिरजेला जातो. दोन्ही खरंच आहे. पण मग हळूच म्हणालीस, "सगळेच पेशंटकडून पॅकेजच्या वरचे थोडे घेतात म्हणे." तिथं माझं डोकं फिरलं.

एकतर पूर्ण आत जा, नाहीतर पूर्ण बाहेर राहा.

पॅकेजमध्ये काय काय धरलंय ते वाचलंस का? खाट, तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण, डिस्चार्जनंतर 10 दिवसांची औषधं. घरी जायचं एसटीचं भाडंसुद्धा! आणि तू ऊसतोड मजुराच्या बायकोला "रॉडचे वेगळे द्या" म्हणणार? ती भांडणार नाही. डोरलं गहाण टाकून आणून देईल.

2012 साली योजना 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं, सांगली नव्हती. सांगोल्याच्या माणसाचं ऑपरेशन फुकट आणि जतच्या माणसाचं कर्ज काढून, हे मी पाहिलंय. पुढच्या वर्षी आपल्याकडे आली. आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांचं कवच आहे, पांढरं रेशनकार्डही चालतं. पण कवच वाढलं म्हणून तुझ्या पॅकेजचा दर वाढला, असं समजू नकोस. शिवाय क्लेम, म्हणजे योजनेकडे मागितलेले उपचारांचे पैसे, अडकतात. रॉडच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावायचं राहिलं तरी क्वेरी येते. सिस्टरांचे पगार त्या पैशांवर थांबता कामा नयेत, तेवढी गंगाजळी आधी हवी.

मी बाहेर राहिलो. त्या दरात मला जमत नव्हतं आणि वरचे घ्यायचे नव्हते. "डॉक्टरला गरिबाची कणव नाही," असं चावडीवर बोललं गेलं. बोलू देत. मोडका पाय स्प्लिंटमध्ये बांधून मिरजेच्या गाडीत चढवताना मला काय वाटायचं ते त्यांना कुठं ठाऊक? ते अजून खुपतं. पण बिनपावतीचा रुपया माझ्या ड्रॉवरमध्ये नव्हता. तू तरुण आहेस, भूलतज्ज्ञ तुझ्या घरातच आहे, तुला आत जाऊन जमेलही. जा की! फक्त पूर्ण जा.

रविवारी ये. गेल्या वर्षीचे केसपेपर घेऊन ये, प्रत्येक पॅकेजच्या दराशेजारी तुझा खरा खर्च लिहून आण. वरच्या पैशांचा रकाना पाडला असशील तर येऊ नकोस.

तुझा,
सर