आबांच्या कॅसेटी आणि वर्षश्राद्धाची बैठक

प्रश्न : ताई, आमचे आबा जाऊन आता वर्ष होईल. गाण्याचं प्रचंड वेड, वास्कोचा भजनी सप्ताह असो की कला अकादमीतला गायिका केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह, म्हातारा रात्र रात्र जागायचा. थोरल्या काकांना वर्षश्राद्धानंतर हॉल घेऊन मोठा कार्यक्रम करायचाय, बॅनर, भाषणं, शेवटी केसरबाईंची ती अंतराळात गेलेली भैरवी स्पीकरवर. मला वाटतं घरीच राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, बैठक करावी. शिवाय एक ट्रंक भरून कॅसेटी आहेत, काहींवर पांढरं काहीतरी आलंय. काय करू?
– एक नात, म्हार्दोळ

उत्तर : हॉल नको. आबा ज्या राजांगणात बसून गाणं ऐकायचे तिथेच सतरंज्या घाला, पण आधी आजीला विचार, तिला त्या दिवशी घरात माणसं नको असतील तर विषय तिथेच संपला.

गायला नावाजलेलं कोणी कशाला हवं, कला अकादमीत शिकलेली किती चांगली मुलं-मुली आहेत आपल्याकडे. फक्त बिदागी आधी ठरवा आणि 'घरचंच आहे' म्हणून कापू नका (हे आपल्याकडे फार चालतं). संध्याकाळी बसणार तर यमन नाहीतर पूरिया धनाश्रीने सुरुवात, रात्र चढली की बागेश्री, आणि गाणं चालू असताना चहाचे ट्रे फिरवायचे नाहीत. काकांच्या भैरवीला माझा विरोध नाही बरं का, भैरवी शेवटीच असते. 'जात कहां हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची. ती असलेली तबकडी घेऊन 1977 च्या सप्टेंबरात व्हॉयेजर 1 हे अंतराळयान सुटलं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. आपल्या गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या बाईचा आवाज तिकडे चाललाय हे आबांनी तुम्हाला शंभरदा सांगितलं असणारच.

पण खरं काम त्या ट्रंकेत आहे, आणि बैठकीपेक्षा त्याची घाई जास्त. विकत घेतलेल्या कॅसेटी बाजूला ठेव, ते गाणं आज कुठेही मिळतं. आबांच्या अक्षरातली लेबलं असलेल्या, रेडिओवरून नाहीतर घरच्या बैठकीत टेप केलेल्या आधी काढ, त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यात कुठेतरी समेवर आबांचं 'क्या बात है' ऐकू येईल, खोकला येईल, आजी हाक मारतेय असंही येईल, तर साफसफाई करणारा कोणी 'नॉइज' म्हणून ते काढून टाकायला निघाला तर त्याला अजिबात हात लावू देऊ नकोस!

पांढरं आलंय ती बुरशी, आपल्या पावसाळ्याची देणगी. अशी कॅसेट अजिबात वाजवू नको, डेकचं हेड घाण होतं आणि तीच घाण पुढच्या चांगल्या टेपला लागते. ती माहीतगार माणसाकडेच दे. बाकीच्यांचे वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे टॅब आधी मोडून टाक, म्हणजे चुकून कोणी रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर काही टेप होणार नाही. मग चांगला डेक, त्याच्या लाइन आउटमधून वायर कॉम्प्युटरला, आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. स्वस्तातले वॉकमनसारखे यूएसबी प्लेयर येतात ते मला पटत नाहीत, सुरांची पट्टीच हलते. फाइल वेव्हमध्ये (WAV) ठेव, नव्वद मिनिटांची कॅसेट साधारण 950 एमबी होते, एमपीथ्री नंतर काढता येतात. दोन वेगळ्या घरी कॉपी ठेव. आणि मूळ कॅसेटी टाकू नको, उभ्या ठेव, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून लांब.

लेबलावर नाव नसेल तर आबांचे जे सोबती अजून आहेत त्यांना बोलावून ऐकव, दोन तानांत घराणं सांगतील आणि मग तासभर भांडतील, तेही रेकॉर्ड करून ठेव.

काकांना भाषण करायचंच असेल तर पाच मिनिटं द्या, पण तंबोरे जुळवायच्या आधी.