आठशे फुटाच्या प्लॉटवर गारवा कसा आणायचा? नागपूरच्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हुडकेश्वरला आमचा २० बाय ४० चा प्लॉट आहे, पश्चिममुखी. आम्ही दोघं, एक मुलगी आणि सासूबाई. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो वरखाली मिळून बाराशे फूट काढून देतो, तीन बेडरूम, पण प्रत्येकात एसी लागेलच. बजेट तेवढं नाही. सासूबाईंना स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. कमी जागेत भागेल का ताई?

उत्तर: भागेल, आणि मी तर म्हणते कमीच बांधा. पर्यावरणाचं घर म्हटलं की लोक आधी सोलर आणि बांबू विचारतात, पण जी खोली बांधलीच नाही तिला सिमेंट लागत नाही, स्टील लागत नाही आणि पुढची चाळीस वर्षं ती थंडही करावी लागत नाही. तिसरी बेडरूम पाहुण्यांसाठी ना? मग पाहुणे वर्षातून किती दिवस मुक्कामाला असतात ते घरात बसून मोजा. हॉलमध्ये दिवाण ठेवा, सरकता दरवाजा लावून तो कोपरा बंद करता येईल असं करा, झाली खोली. पॅसेज ठेवूच नका, एका खोलीतून दुसरीत जायला तीन फूट रुंदीची बोळ म्हणजे निव्वळ वाया गेलेला स्लॅब. जेवणाचं टेबल ओट्याला लागूनच, जिन्याखाली स्टोअर, सासूबाईंची खोली आणि बाथरूम खाली. चार माणसांना साडेआठशे फूट नीट आखलं तर पुरतं.

आता उन्हाचं, कारण नागपुरात खरं घर तिथेच जमतं नाहीतर बिघडतं. पश्चिममुखी म्हणून घाबरू नका, तुमची अरुंद बाजूच पश्चिमेला आहे, म्हणजे संध्याकाळचं ऊन फक्त वीस फुटांवर येणार. फक्त मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला नाही तर थोडा वायव्येकडे सरकून मावळतो आणि तेव्हा इतका खाली असतो की छज्जा कितीही काढा, ऊन त्याच्या खालून आत येतंच. म्हणून त्या बाजूला जिना, बाथरूम, व्हरांडा, भिंतीतली कपाटं असं सगळं लावा आणि बेडरूम मागे पूर्वेला न्या. मोठी काच पश्चिमेला अजिबात नको, एलिव्हेशन, म्हणजे घराची दर्शनी बाजू, कितीही छान दिसत असली तरी नको. समोर जागा असेल तर कडुनिंब लावा. दक्षिणेची खिडकी मात्र खुशाल ठेवा, आपण २१ अक्षांशावर आहोत, मे अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, आणि डिसेंबरात तोच सूर्य ४५ अंशांपर्यंत खाली येतो म्हणजे थंडीत ऊन आपोआप घरात.

दोन्हीकडे शेजाऱ्यांची घरं उभी राहिली की मधल्या खोल्या अंधाऱ्या होतात, तेव्हा जिना पश्चिमेऐवजी घराच्या मधोमध घेऊन, वर गच्चीपर्यंत मोकळा ठेवून त्याच्या हेडरूमला, म्हणजे गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला, उंचावर झडपा द्यायचाही विचार करा, उजेड खाली येतो आणि तापलेली हवा वरून निघून जाते. आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचा चौक हेच काम करायचा. फक्त झडपा बंद होणाऱ्या हव्यात, कारण मे मध्ये दिवसभर खिडक्या बंदच ठेवायच्या असतात आणि रात्री उशिरा उघडायच्या, उलटं केलं तर घर भट्टी होतं.

आणि कूलर! मला याचं फार वाटतं, नागपुरात घराच्या नकाशावर एसीचा पॉइंट असतो पण कूलरची जागा नसते, मग नंतर खिडकीत लोखंडी स्टँड, बाहेरून पाण्याचा पाइप, ग्रिल कापलेलं. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे पाऊस लागेपर्यंत कूलर एसीपेक्षा खूप कमी विजेत काम करतो. त्याला सावलीची बाजू द्या, म्हणजे उत्तर किंवा पूर्व, गच्चीच्या टाकीवरून नळाचा पॉइंट द्या आणि कूलर चालू असताना समोरच्या भिंतीतली एक खिडकी मात्र हवा बाहेर जायला उघडी ठेवा, नाहीतर दमटपणा कोंडतो आणि लोक म्हणतात कूलर चालत नाही. एवढं केलं तर एसी एकाच खोलीत लावून भागेल, तोही पावसाळ्यातल्या उकाड्यासाठी.

आग्नेयेचं स्वयंपाकघर छान बसतं तुमच्या प्लॉटवर, मागच्या बाजूला येतं, सकाळचा उजेड मिळतो. सासूबाईंना तसं सांगा.

प्रश्न: महालात वरच्या मजल्यावर राहतो. एप्रिल लागला की रात्री अकरालाही छत गरम असतं. नवीन बांधणं शक्य नाही, काऊन एवढं तापतं आणि काय करू?

उत्तर: नुसता काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली सोडतो, म्हणून. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा दिलीय, यू-व्हॅल्यू १.२ (हा आकडा जितका कमी तितकी उष्णता कमी येते), आणि उघडा स्लॅब त्यात बसतच नाही. स्वस्तातला उपाय म्हणजे दर वर्षी मार्चअखेर गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात, पावसात धुपतो म्हणून दर वर्षी. थोडे पैसे असतील तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, ती टिकते. सोलर लावणारच असाल तर स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच घ्या, खाली सावली होते आणि कुरड्या-पापडाची वाळवणं बाजूच्या उन्हात चालू राहतात. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते, दिवसाला चारेक युनिट मिळतात, आणि पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

प्रश्न: बेसाला घर बांधतोय. लाल वीट, फ्लाय अ‍ॅश की मातीचं घर? सेवाग्रामची बापू कुटी बघून मातीचं फार मनात आहे.

उत्तर: बापू कुटीकडून घ्यायचं ते जवळचं साहित्य वापरणं. माती-बांबू-कवेलूचं ते घर आजही उभं आहे पण त्याला दर वर्षी लिंपणारे हात लागतात, ते तुमच्याकडे असतील तर जरूर बांधा. नसतील तर आपल्या जवळचं साहित्य म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतली राख, फ्लाय अ‍ॅशच्या विटा घ्या. पश्चिमेच्या भिंतीला रॅट ट्रॅप बाँड करून बघा, वास्तुविशारद लॉरी बेकरनी केरळात रुजवलेली पद्धत, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी राहते, साधारण पाव विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता कमी येते. गवंड्याला आधी एक छोटी भिंत करायला लावा, हात बसू द्या.

पण त्याआधी माती परीक्षण करून घ्या. प्लॉटवर काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. इथे काटकसर करू नका.

प्रश्न: पाचशे फुटाच्या गच्चीसाठी पाऊसपाण्याचं काही करण्यात अर्थ आहे का?

उत्तर: हो. आपल्याकडे वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, गळती सोडून तरी ४०,००० लिटरच्या आसपास पाणी मिळतं. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व, मग गाळणी, मग बोअरजवळ शोषखड्डा. घर बांधतानाच पाइप काढून ठेवा, नंतर फरशी फोडावी लागते.