टर्बोचं राहू दे, ब्रेक ऑइल कधी बदललंस?

प्रश्न: काका, माझ्याकडे 2005 ची ऑक्टाविया आरएस आहे, 1.8 टर्बो पेट्रोल. बाबा तेव्हा स्कोडाच्या शेंद्र्याच्या कारखान्यात होते आणि ही गाडी तिथेच जोडली गेली, त्यामुळे ती विकायचा विषय घरात निघत नाही. मीटरवर 1 लाख 38 हजार आहेत. आमची मंडळी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपापली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायला, निघालीत. मीही येणार आहे, पुण्याहून गाडी चालवतच. एक गॅरेजवाला म्हणतो, आधी रिमॅप करा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवा, त्याशिवाय मजा नाही. दुसरा म्हणतो, ट्रॅकवर नेलीत की टर्बो गेलाच म्हणून समजा. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, पुणे

उत्तर: दोघांचंही नको. काका म्हणालीस, म्हणून अरेतुरेवर येतो.

आधी अंतराचा हिशोब कर. पुणे ते कोइम्बतूर साधारण 1,200 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 2,400. करीची एक फेरी सुमारे 2.1 किलोमीटरची, त्यामुळे दिवसभरात ट्रॅकवर तू फार तर साठ-सत्तर किलोमीटर मारशील. तेवढ्यासाठी गाडी अशी बनवून ठेवायची की परतीच्या वाटेवर हुबळीजवळ ट्रकवर चढवावी लागेल, हे मला पटत नाही.

टर्बोच्या आधी ब्रेक. माझ्याकडे लिनिआ टी-जेट होती, तीही टर्बो पेट्रोलच. पहिल्यांदा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईला नेली तेव्हा इंजिन ऑइल नवं, प्लग नवे, एअर फिल्टर नवा, सगळं झोकात. ब्रेक ऑइल मात्र चार वर्षांचं. सरळ पट्टीच्या शेवटी पाय दाबला तर पेडल पार तळाला! दोन-तीनदा पंप केल्यावर काहीतरी हाताला लागलं आणि मी गवतात जाऊन थांबलो. चूक माझीच, इतकी वर्षं हत्यारं हातात धरून. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हा आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय त्या बुडबुड्यांनाच दाबत बसतो. शहरात सहसा एवढी उष्णता होत नाही, म्हणून रोजच्या वापरात काही कळत नाही. तेव्हा जायच्या आधी आठवड्याच्या आत सगळं ब्रेक ऑइल बदल आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या पाइपांतली हवा काढून घे. डॉट 5.1 मिळालं तर आणखी बरं, फक्त नुसतं ‘5’ लिहिलेला डबा घेऊ नकोस, तो सिलिकॉनचा, वेगळाच प्रकार. पुढचे पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची.

आता टर्बो, म्हणजे धुराड्याच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एका बाजूला धुराड्याची आग, दुसऱ्या बाजूला हवा. तो ट्रॅकने मरत नाही, तेलाच्या उपासमारीने मरतो. तुझ्या इंजिनात टर्बोला तेल नेणारी बारीक नळी एक्झॉस्टच्या अगदी अंगाजवळून जाते, आणि वीस वर्षांच्या भाजणीत तिच्यात कोळसा धरतो. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा नळ्या कापून बघितल्यात, काहींतून सुईसुद्धा जाईना. नळी नवी टाक, साफ करत बसू नकोस. नळीवरचा उष्णतेचा पत्रा गायब असेल तर तोही बसवून घे, हे पत्रे कुणीतरी खडखडतात म्हणून काढून टाकलेले असतात. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवून तेल ओढणारी जाळी बघायला सांग. तेल 5डब्ल्यू-40, पूर्ण सिंथेटिक, डब्यावर 502 00 हा कंपनीचा दर्जा छापलेला. पातळी वरच्या खुणेला हवी, कारण वळणात तेल एका बाजूला सरकतं. (डिपस्टिकची नारिंगी प्लास्टिक नळी या वयात बिस्किटासारखी तुटते. तिचा तुकडा आत पडला की जाळीचं काम वाढलं.)

यानंतर रबर. बॉनेट उघडून हवेचे आणि व्हॅक्यूमचे सगळे पाइप बोटांनी दाबून बघ. दगडासारखे कडक झालेले किंवा तेलाने फुगलेले असतील तर बदल. अशा गाड्या ‘पिकअप नाही’ म्हणून येतात आणि दहातल्या निम्म्यांना एवढंच झालेलं असतं. पेट्रोलचे पाइपही त्यातच बघून घे, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या हिशोबाने ते बनलेले नाहीत. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे बाबांनाही आठवत नसेल तर बदललाच नाही असं धर. तो तुटला तर वीसच्या वीस व्हॉल्व्हची गाठ पिस्टनशी आहे. बेल्टबरोबर वॉटर पंपही, जुन्याचा पंखा प्लास्टिकचा असतो.

रिमॅप? नको. तुझा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारी जाळी, पुढच्या बंपरच्या एका कोपऱ्यात, चाकाच्या पुढे, जेमतेम डब्याएवढा. 150 हॉर्सपॉवरलाच तो तीन-चार फेऱ्यांत तापतो. हवा तापली की इंजिन ठोकायला लागतं, सेन्सर ते ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो. गाडी थोडी मंद वाटेल, पण ती बिघडलेली नसते, स्वतःला सांभाळत असते. रिमॅप करून त्याच कोपऱ्यातल्या डब्यावर जास्त ओझं टाकशील, एवढंच. ते पैसे वरच्या यादीला लाव. इंटरकूलरवरचा चिखल मात्र धुऊन काढ, आणि टाकीत निदान 95 ऑक्टेन घाल.

चालवताना पहिली फेरी हळू, मग तीन जोरात, मग एक पूर्ण फेरी वरच्या गिअरमध्ये, ब्रेक जवळजवळ न लावता. त्या फेरीत ब्रेक, टर्बो, तेल सगळं थंड होतं. तापमानाच्या काट्यावर जाऊ नकोस, तो या गाडीत मुद्दाम 90 वर धरून ठेवलेला असतो आणि बराच फरक पडला तरी हलत नाही. तो हललेला दिसला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. तसं दिसलं की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि ट्रॅकच्या बाहेर ये. घाम येईल, येऊ दे.

टर्बोला जोर धरायला क्षण लागतो, म्हणून ॲक्सिलरेटर वळणाच्या आतल्या टोकाच्या जरा आधी, हलकेच द्यायला सुरुवात कर. सगळा एकदम दिलास तर जोर वळणाच्या मधोमध येतो, आणि पुढची चाकं ओढणारी गाडी नाक बाहेर काढून सरळ निघते. तेव्हा स्टीअरिंग आणखी वळवायचं नाही, पाय किंचित उचलायचा.

टायरची हवा तापल्यावर चार-सहा पीएसआय वाढते, ती तिथे कमी करशील. दुसऱ्या दिवशी सकाळी हायवेला लागण्याआधी परत भर. हे हमखास विसरलं जातं. विम्याचं पण बघ, आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते.

जाताना कोल्हापूर वाटेतच आहे. उद्यमनगरात थांब, चेंबर खालून बघू. बाबांनाही घेऊन ये, शेंद्र्याच्या गोष्टी ऐकायच्यात.

प्रश्न: काका, जुन्या टर्बो गाडीला टर्बो टायमर बसवावा का? चावी काढल्यावरही इंजिन चालू राहतं म्हणे.
— एक वाचक, सातारा

उत्तर: नको रे. घरी येताना शेवटचे दोन किलोमीटर सावकाश ये, तेवढ्यात टर्बो थंड होतो, झालं. शिवाय चावी खिशात आणि इंजिन चालू, अशी गाडी पोरांच्या आवाक्यात अंगणात उभी करणं मला आवडत नाही.