नाकातून घालायची फीडिंग ट्यूब सहज आत जावी आणि तुंबू नये, यासाठी तिचं डिझाइन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहात. पॅरालिसिसनंतर आजोबांना रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी साधी नळी) घातली, घालताना ती दोनदा तोंडातच गुंडाळली गेली, नाकातून रक्त आलं आणि नंतर महिन्याभरात तीनदा चोक झाली. यापेक्षा बरी नळी बनवणं हाच प्रोजेक्ट घ्यायचा आहे, तर सुरुवात कुठून करू, असा तुमचा प्रश्न आहे.

कॅड उघडण्याआधी एक काम करा. पुढच्या वेळी आजोबांची नळी बदलतील तेव्हा जुनी कचऱ्यात जाऊ देऊ नका, सिस्टरकडून मागून घ्या. हातमोजे घाला, टोकापासून ब्लेडने उभी चिरा आणि पांढऱ्या कागदावर उघडून ठेवा.

मी बारा वर्षं मेडिकल ट्यूबिंगच्या एक्स्ट्रूजनमध्ये (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यातून ढकलून नळी काढण्याच्या कामात) काढली आहेत, पण वापरलेली, तुंबलेली नळी पहिल्यांदा चिरून बघितली ती घरी, अण्णांच्या स्ट्रोकनंतर. १४ फ्रेंचची (हे जाडीचं माप, पुढे सांगतो), हिरव्या कनेक्टरची साधी पीव्हीसी नळी होती. मीटरभर लांबीतला जवळजवळ सगळा भाग आतून स्वच्छ निघाला. गच्च भरलं होतं ते पोटातलं शेवटचं चार बोटं टोक. तिथे पांढरा बोळा होता, नखाने दाबला की पनीरसारखा तुटत होता आणि मध्ये गोळीच्या आवरणाचे गुलाबी कण अडकले होते. भिंग लावलं तेव्हा दिसलं की बाजूच्या भोकांच्या कडेला पंचिंगची केसाएवढी बर (भोक पाडताना कडेला सुटलेला प्लॅस्टिकचा तुरा) राहिली होती आणि बोळ्याचे तंतू नेमके तिलाच धरून होते. तेवढी बर आमच्या तपासणीत पास व्हायची. मीही पास केली होती. त्या दिवसापासून मला ती पास करता आलेली नाही.

तो बोळा खरोखर पनीरसारखाच तयार होतो. दुधातलं केसिन ४.६ पीएचच्या आसपास फाटतं, म्हणून दुधात लिंबू पिळलं की छेना सुटतो. उपाशी पोटात पीएच दोनच्या आसपास असतो. फीड चालू असतं तोवर आम्ल नळीत वर चढत नाही. फीड संपलं, सिरिंज काढली, टोपण लावलं, की टोकात राहिलेलं दूध आणि भोकांतून आत येणारं आम्ल यांची गाठ पडते. रात्री दहाचं शेवटचं फीड आणि सकाळी सहाचं पहिलं, मधले आठ तास ते तसंच पडून असतं. नळी प्रामुख्याने तुंबते ती या पडून राहण्यात. बहुतेक विद्यार्थी पाइपमधल्या प्रवाहाचं सिम्युलेशन करत बसतात. तुम्ही प्रवाह थांबल्यावर टोकात काय होतं याचं डिझाइन करा, ही माझी मुख्य विनंती.

प्रवाहाचं गणितही लागतंच, म्हणून थोडक्यात सांगतो. फ्रेंच हे माप पॅरिसच्या शारिएर नावाच्या उपकरणकारामुळे आलं. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश, आणि तोही बाहेरचा व्यास. आतला व्यास किती ते त्यातून कळतच नाही. १२ फ्रेंचची नळी बाहेरून ४ मिमी. भिंत ०.६ मिमी ठेवली तर आत २.८ मिमी उरतात, ०.४ मिमी ठेवली तर ३.२ मिमी. प्वाझयच्या नियमाने प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे तेवढ्या फरकाने प्रवाह १.७ पट होतो. नाकाला लागणारी जाडी तीच, पण आतला रस्ता मोठा. (घट्ट फीड या नियमाला काटेकोर पाळत नाही, तरी दिशा तीच.) मग सगळेच भिंत पातळ का करत नाहीत? पीव्हीसी तेवढी पातळ केली की वाकवल्यावर घडी पडते. सिलिकॉन मऊ असतं पण कमजोर, म्हणून त्याची भिंत उलट जाड ठेवावी लागते. पातळ भिंत झेपते ती पॉलियुरेथेनला. किंमत जास्त पडते, शिवाय एक्स्ट्रूजनआधी दाणे नीट वाळवले नाहीत तर नळीत बुडबुडे येतात, पण फीडिंगसाठी मी तरी याच मटेरियलच्या बाजूचा आहे. पीव्हीसीचा आणखी एक दोष म्हणजे तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर शरीरात हळूहळू सुटून जातं. काही दिवसांनी काढलेली नळी हातात घ्या, टोक कडक झालेलं लागेल.

आता आत घालण्याबद्दल. नाकातला रस्ता वर जात नाही. माणूस बसलेला असेल तर तो जमिनीला जवळपास समांतर, सरळ मागे जातो आणि मग घशाच्या मागच्या भिंतीशी जवळजवळ काटकोनात खाली वळतो. त्या वळणावर टोक कडक असेल तर भिंतीला टोचतं आणि रक्त येतं. नळी फार मऊ असेल तर ढकलायला कणाच राहत नाही आणि ती तोंडात गुंडाळते. आजोबांच्या बाबतीत हे दोन्ही झालं. त्यात शुद्धीवरचा माणूस घोट गिळतो तेव्हा श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. स्ट्रोकच्या पेशंटला नळी घालावी लागते तीच मुळात गिळता येत नाही म्हणून, त्यामुळे ही मदतही मिळत नाही.

म्हणजे नळी जाताना ताठ हवी आणि पोचल्यावर मऊ. हा पेच फार जुना आहे. लंडनचे सर्जन जॉन हंटर यांनी १७९० मध्ये गिळता न येणाऱ्या एका पेशंटसाठी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीवर ईलचं कातडं चढवलं (ईल म्हणजे आपल्या वामसारखा मासा), टोकाजवळ एक चीर ठेवली आणि दुसऱ्या टोकाला फुगा बांधून त्यातून अन्न दिलं. आत कणा, बाहेर मऊ कातडं, शेवटी भोक! आजची स्टायलेटवाली (आत ताठ तार असलेली, नळी पोचल्यावर ती तार काढून घेतात) पॉलियुरेथेन नळी याच कल्पनेवर उभी आहे. आपली रायल्स ट्यूब मात्र वेगळ्या कामातून आली. जॉन रायल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२१ च्या सुमारास ती बनवली ती पोटातल्या रसाचे नमुने बाहेर काढून तपासण्यासाठी. पातळ रस वर ओढण्यासाठी घडलेल्या नळीतून आपण घट्ट पेज खाली ढकलतो, हे डिझाइन करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

वॉर्डात एक युक्ती चालते. पीव्हीसी नळी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतात, ताठ होते, मग घालतात. आत गेल्यावर ती शरीराच्या उबेने मऊ पडते. मला यात डिझाइनचं बीज दिसतं. पॉलियुरेथेनच्या काही जाती उबेने आणि ओलाव्याने बऱ्याच मऊ होतात. ती जात निवडणं, ताठपणा टोकाकडे टप्प्याटप्प्याने कमी करत नेणं, टोकाला आधीच हलका बाक देणं, आणि पाण्यात बुडवताच बुळबुळीत होणारं कोटिंग, कारण वरून लावलेली जेली निम्मी नाकपुडीतच पुसली जाते. प्रोजेक्टसाठी यातलं एकच घ्या.

एका बाबतीत कृपा करून घाई करू नका. सहज आत जाणारी नळी फुप्फुसातही सहज जाते. बारीक, स्टायलेटवाल्या नळ्या श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला भोक पडल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत चुकीच्या जागी गेलेल्या नळीतून फीड देणं हे 'कधीच घडू नये' अशा घटनांच्या यादीत आहे. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्यावर विसंबता येत नाही. ओढून काढलेल्या रसाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली हवा, नाहीतर एक्स-रे. म्हणून नळीवर एक्स-रेत दिसणारी बेरियमची रेघ हवी आणि नळीतून रस ओढता आला पाहिजे. टोकाला फक्त बाहेर उघडणारी झडप बसवली तर आम्ल वर येणार नाही, ही कल्पना तुम्हालाही सुचेल. मलाही सुचली होती. पण मग रस ओढून पीएच बघता येत नाही. तुंबणं टाळायला पेशंटची सुरक्षा द्यायची नाही, म्हणून मी ती सोडून दिली. तसंच, नळी पेशंटच्या आत असताना काढलेली स्टायलेट पुन्हा घालायची नसते. ती बाजूच्या भोकातून बाहेर येऊन आतड्याला किंवा अन्ननलिकेला भोसकू शकते. म्हणून स्टायलेटचं टोक भोकांच्या अलीकडेच थांबेल अशी रचना ठेवा.

उरलं टोक, आणि तुमचं खरं काम इथे आहे. शेवटच्या भोकाच्या पुढे बंद टोकापर्यंत जी पोकळी राहते, तिथे फीड जातं पण परत येत नाही. ती भरून टाका, शेवटचं भोक टोकाला टेकवा. भोकांचं एकूण क्षेत्रफळ आतल्या रस्त्यापेक्षा जास्त ठेवा. कडा पंच करून तशाच सोडू नका, तापवलेल्या पिनेने वितळवून गोल करा. आणि दुसरं टोक विसरू नका. कनेक्टर नळीला चिकटवतात तिथे आत एक पायरी राहते, कुटलेल्या गोळीची भुकटी त्या पायरीवर साठते. फीडिंगचे कनेक्टर सलाइनच्या लाइनला चुकूनही जोडले जाऊ नयेत म्हणून २०१६ चं आयएसओ ८०३६९-३ हे मानक आहे. तुमचं कनेक्टर त्याच मापाचं ठेवा, स्वतःचं नवीन माप काढू नका.

चाचणी घरच्या घरी उभी करता येते. पीएच दोनचं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल कॉलेजच्या लॅबमधून घ्या, ३७ अंशांवर ठेवा, टोक त्यात बुडवा. नळीत दुधाचं फीड भरा, आठ तास सोडा. मग ठरलेल्या उंचीवरून ५० मिली पाणी किती सेकंदांत उतरतं ते घड्याळ लावून मोजा. बर असलेल्या दहा नळ्या, बर काढलेल्या दहा, पोकळी भरलेल्या दहा. आत घालण्यासाठी सीटी स्कॅनवरून नाकाचा रस्ता थ्रीडी प्रिंट करा, आतून ओलं सिलिकॉन लावा आणि ढकलायला किती जोर लागतो ते लोडसेलवर नोंदवा. फीड मात्र आपल्या स्वयंपाकघरातलंही घ्या. नाचणीची पेज गरम असताना धावते आणि गार झाली की खळीसारखी होते. तीच नाचणी मोड आणून, वाळवून दळली तर मोडांतलं अमायलेज स्टार्च तोडतं आणि तितक्याच पिठाची पेज बरीच पातळ राहते. आमच्याकडे हा बदल आईने केला, आणि तो माझ्या कोणत्याही डिझाइनपेक्षा लवकर लागू पडला.

आजोबांसाठी आजपासून करण्यासारखं: प्रत्येक फीडनंतर आणि प्रत्येक औषधाच्या आधी-नंतर साधारण ३० मिली कोमट पाणी (पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांना विचारून). पोटातला रस ओढून बघितला की लगेच पाणी. औषधं एकत्र कुटायची नाहीत. वरून खास आवरण असलेल्या किंवा एसआर, एक्सआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या तर कुटायच्याच नाहीत, त्यांच्याऐवजी सिरप मिळतं का ते विचारा. इसबगोल नळीतून कधीच नाही. तुंबलीच तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलक्या हाताने ओढा-सोडा, वीसेक मिनिटं थांबा, पुन्हा करा. छोटी सिरिंज लावू नका. अंगठ्याच्या त्याच जोराला २ मिलीची सिरिंज सुमारे दहापट दाब देते आणि नळी फुटू शकते. तार तर अजिबात नाही. कोका-कोला घालायला कोणी सांगेल, पण तो आम्लच आहे, कोमट पाण्याहून सरस नाही. आणि नळी चार-सहा आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पोटातून थेट घालायच्या पेग ट्यूबबद्दल डॉक्टरांशी बोला. १९७९ मध्ये क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी ती पहिल्यांदा एका तान्ह्या बाळाला घातली, नाकाचे हाल तिथे संपतात.

प्रोटोटाइप कोणाच्याही नाकात घालू नका, स्वतःच्याही नाही. ते एथिक्स कमिटीच्या परवानगीनंतरचं काम. पण तो घेऊन आयसीयूतल्या दोन-तीन सिस्टरांकडे जरूर जा आणि ओल्या हातमोज्यांनी धरून बघायला सांगा. अण्णांच्या वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टर मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा नाकापाशी ५५ की ६५ ते वाचायच्या, कारण त्या खुणांची शाई पुसली गेली होती.