गरब्यानंतरची काळी लघवी आणि अमेरिकेचा फॉर्म

प्रश्न : नमस्कार डॉक्टरबाई, बडोद्याच्या दांडिया बाजारातून लिहितेय. भाचा २३ वर्षांचा आहे, चार वर्षं झाली, सतत थकवा, मांड्या-पोटऱ्या दुखतात, जास्त चाललं की पाय भरून येतात. एमआरआय नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह नॉर्मल, आता म्हणतात डिप्रेशन आहे. माझे दीर न्यू जर्सीला असतात, ते म्हणाले तिकडे सरकारी प्रोग्रॅम आहे, ज्यांचं निदानच होत नाही असे पेशंट घेतात. निवड कशी होते? ओळख लागते का? मी बारा पानी पत्र तयार ठेवलंय, कॉपी सोबत जोडलीये.

उत्तर : ताई, ओळख लागत नाही. आणि कोण जास्त सोसतंय यावरही निवड होत नाही, हे ऐकायला कडू वाटेल पण आधी तेच सांगते.

तो प्रोग्रॅम अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये सुरू केला, पुढे त्यात युनिव्हर्सिट्यांची हॉस्पिटलं जोडून नेटवर्क झालं. पहिल्या दोन वर्षांत त्यांनी १,१९१ पेशंटच्या फायली वाचल्या, ३२६ घेतले, त्यातले १६० तिथल्या हॉस्पिटलात दाखल झाले आणि ३९ जणांचं निदान लागलं. म्हणजे दाखल झालेल्या चौघांतल्या एकाचं, तेही जगातले भारी डॉक्टर आणि मशिनं हाताशी असताना, तेव्हा तिकडे गेलं की सुटलो असं दिरांना वाटत असेल तर त्यांनाही हे आकडे वाचायला द्या.

आता फाईल वाचणारे काय शोधतात? पेशंटने सांगितलेल्या त्रासापलीकडे काहीतरी पकडता येण्यासारखं. डॉक्टरला तपासताना दिसलेलं, रिपोर्टात आकड्याने आलेलं, बायॉप्सीत सापडलेलं, घरात आणखी कुणाला असलेलं. थकवा खोटा असतो असं कुणी म्हणत नाही हो, पण थकवा शेकडो आजारांत येतो, तिथून धागा निघत नाही. दुसरं ते बघतात की पेशंटच्या गावात होण्यासारख्या तपासण्या झाल्यात का. नसतील तर नकार येतो, आणि बऱ्याचदा त्याबरोबर अमुक तपासण्या आधी करून घ्या अशी सूचनाही येते. हा नकार म्हणजे ‘सगळं मनाचं आहे’ असा शिक्का नव्हे, लोक तसाच अर्थ लावतात आणि फाईल कपाटात टाकून मोकळे होतात.

तुमची बारा पानं मी सगळी वाचली. पहिली आठ पानं डॉक्टरांच्या फेऱ्या, कोण कसं बोललं, नोकरी कशी गेली. नवव्या पानावर, दोन ओळींत, दोन वर्षांपूर्वी नवरात्रात रात्रभर गरबा खेळून आल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली, अ‍ॅडमिट केलं, सीपीके (स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) १४,००० आला, आठवड्यात उतरला म्हणून घरी सोडलं! अहो ताई, तुमची केस या दोन ओळींतच आहे. सीपीके साधारण दोनशेच्या आत असतो. हजारांत गेला आणि लघवी काळी झाली म्हणजे स्नायू तुटून त्यातला रंग लघवीत उतरला असणार, हे डिप्रेशनने होत नाही. (डिप्रेशन वेगळं असू शकतं, चार वर्षं अशी गेल्यावर कुणालाही येईल, त्याचा इलाज चालू ठेवा.)

मला एक सांगा, तेव्हा त्याचे नवरात्राचे उपास होते का? कारण काही जन्मजात दोष असे असतात की स्नायूंना चरबी जाळून ताकद काढता येत नाही, एरवी सगळं ठीक चालतं, पण उपास, खूप वेळची मेहनत किंवा ताप आला की स्नायू तुटतात. साखर नीट वापरता येत नाही असेही प्रकार आहेत. त्याला हेच आहे असं मी म्हणत नाही, न तपासता म्हणणार नाही, पण आधी शोधायचं ते इथे. स्नायूंच्या आजारांचं काम करणारा न्यूरॉलॉजिस्ट गाठा, आराम असतानाचा सीपीके, रक्तातलं अ‍ॅसिलकार्निटिन प्रोफाइल (चरबी जाळण्यात कुठे अडतंय का ते दाखवणारी तपासणी), मग जीन टेस्ट. सँपल बडोद्यातूनच जातात. पुढे लागलंच तर परळचं केईएम आहे, २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ते सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी मुंबई. हे सगळं बाकी असताना अमेरिकेला फाईल पाठवली तर ते हेच लिहून परत पाठवतील.

तरीही पुढे पाठवायची वेळ आली तर पत्र तुमचं नको, त्याच्या डॉक्टरांचं लागतं. दोनेक पानं बास. तारखा ओळीने, काय दिसलं, कुठला रिपोर्ट किती, काय काय नाकारून झालं. डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. आणि हो, या वर्षी गरबा बघायला जाऊ दे, खेळायला नको, उपासही नको. लघवी परत काळी झाली तर रात्र असो की दिवस, तडक इमर्जन्सीत न्या, किडनी बंद पडू शकते.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, फिट येतात, चालायला उशिरा लागली. एक्झोम टेस्टमध्ये (जीन्सचे प्रोटीन बनवणारे भाग वाचतात ती) काही निघालं नाही. आता दार बंद झालं का? (मांजलपूर)

उत्तर : नाही. त्याच अमेरिकन नेटवर्कने २०१८ मध्ये छापलेल्या आकड्यांत घेतलेल्या ६०१ पेशंटपैकी १९२ जणांची एक्झोम आधीच झालेली होती. पूर्ण तपासणी झालेल्या ३८२ पैकी १३२ जणांचं निदान लागलं, त्यातल्या ९८ जणांचं एक्झोम किंवा पूर्ण जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) वाचूनच. दरवर्षी नवीन जीन माहीत होतात, त्यामुळे आज कोऱ्या आलेल्या रिपोर्टात दोनेक वर्षांनी उत्तर सापडू शकतं. लॅबकडून नुसता पीडीएफ नको, रॉ डेटा (मशिनने वाचलेली मूळ माहिती) मागून घ्या आणि पेनड्राइव्हवर नीट ठेवा. फक्त मुलीचंच सँपल दिलं असेल तर आई-वडील दोघांचं द्यायचं का ते जेनेटिसिस्टला (जन्मजात आजारांच्या डॉक्टरला) विचारा, तिघांचं ताडून बघितलं की संशयित जीन्सच्या यादीतली नको ती नावं पटापट गळतात.