दुरुस्तीनंतर तिसऱ्या दिवशी ब्रेकड्रमला तडा : ‘काम समाधानकारक’ अशी सही दिली असली तरी दाद मागता येते का?

प्रश्न : माझ्या मालकीचा एकच मालवाहू ट्रक आहे आणि तो मी स्वतःच चालवतो, लांबच्या फेरीला एक जोडीदार चालक बरोबर घेतो. मागचे ब्रेक नीट लागत नसल्याने गाडी एका खासगी गॅरेजमध्ये दिली. देताना गाडीच्या स्थितीची कोणतीही नोंद झाली नाही. लायनर (ड्रमवर घासून चाक थांबवणारे ब्रेकचे अस्तर) बदलल्यावर मी बिल भरले आणि ‘काम समाधानकारक’ असे छापलेल्या कागदावर सही केली. तिसऱ्या दिवशी मागचे डावे चाक तापून जाम झाले. गाडी ओढून त्याच गॅरेजमध्ये नेली, तेव्हा चाक उघडल्यावर ड्रमला तडा दिसला. गॅरेजमालक म्हणतात की तडा आधीचाच आहे आणि नव्या ड्रमचे व मजुरीचे पैसे आधी भरल्याशिवाय गाडी सोडणार नाही. दुसरे काम अजून सुरू झालेले नाही. वाहन व्यावसायिक असल्याने ग्राहक आयोगात जाता येत नाही, असेही ते सांगतात. मी काय करावे?

उत्तर : पैशांच्या वादाआधी पुरावा सांभाळा. तो ड्रम, त्याच्या आतले लायनर, स्लॅक अॅडजस्टर (लायनर व ड्रममधले अंतर राखणारा भाग), रिटर्न स्प्रिंगा आणि हबचे ऑइल सील आज आहेत त्या स्थितीत राहिले पाहिजेत. हे भाग बदलले गेले किंवा भंगारात गेले, तर तडा कधीचा हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहील आणि त्याचे नुकसान आपल्यालाच अधिक होईल. म्हणून गॅरेजला आजच लेखी कळवा की स्वतंत्र तपासणी होईपर्यंत कोणत्याही भागाला हात लावू नये व काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. तपासणी एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाईल अभियंत्याकडून किंवा वाहन-नुकसानीचा अनुभव असलेल्या परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घ्या. तिची तारीख व वेळ गॅरेजला आधी कळवा आणि त्यांना हजर राहण्याची संधी द्या. ते आले नाहीत किंवा त्यांनी तपासणीस नकार दिला, तर तेही कागदावर येऊ द्या. एका पक्षाच्या पाठीमागे झालेल्या तपासणीला पुढे फारसे वजन राहत नाही.

तज्ज्ञाने नेमके काय पाहायचे, हे आपण त्याला लेखी विचारावे. तड्याच्या आतल्या पृष्ठभागावर गंज आणि लायनरची काळी धूळ मुरलेली असेल, तर तडा जुना असण्याची शक्यता बळावते; धातू आतून स्वच्छ व चकचकीत दिसत असेल, तर तो ताजा असण्याची. ड्रमवर निळसर छटा किंवा बारीक जाळीदार भेगा असतील तर तो फार तापला होता, असे समजते. मग तो का तापला, हा पुढचा प्रश्न येतो. स्लॅक अॅडजस्टर गरजेपेक्षा जास्त आवळला गेला होता का, स्प्रिंग नीट बसली होती का, ड्रमची झीज कमाल व्यासाच्या मर्यादेपलीकडे गेली होती का, हे मोजता येते. ती मर्यादा बहुतेक ड्रमवरच कोरलेली असते. अहवालात केवळ ‘काम सदोष’ असे न लिहिता मापे, छायाचित्रे आणि कारणमीमांसा असावी.

आता गॅरेजच्या मुख्य बचावाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या प्रकरणाचे खरे बळ तिथेच आहे. ‘तडा आधीचाच होता’ हे क्षणभर खरे मानू. मागच्या ब्रेकचे लायनर बदलताना ड्रम उतरवावाच लागतो. म्हणजे ज्या फिटरने हे काम केले, त्याच्या हातात तो ड्रम होता. तडा गेलेला ड्रम मालकाला न सांगता तसाच बसवणे आणि गाडी रस्त्यावर सोडणे हा निष्काळजीपणा आहेच. शिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘सेवेतील त्रुटी’च्या व्याख्येत, म्हणजे कलम २(११) मध्ये, संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही समाविष्ट आहे. तडा तेव्हा नव्हताच असे म्हणावे, तर तीन दिवसांत तो का पडला याचे उत्तर त्यांना द्यावे लागेल. दोन्ही वाटा गॅरेजच्या जबाबदारीकडेच जातात. त्यांच्यासाठी एक वाट मात्र मोकळी आहे : त्या तीन दिवसांत गाडीवर मर्यादेपेक्षा जास्त भार होता किंवा चाक तापल्याचे कळूनही आपण गाडी चालवत राहिलात, असे ते म्हणू शकतात. म्हणून त्या फेऱ्यांच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या), वजनकाट्याच्या पावत्या आणि जीपीएसची नोंद असल्यास तीही आत्ताच एकत्र करा. त्यांत आपल्याला अडचणीचे काही असेल तर ते आपल्या वकिलापासून लपवू नका.

कायद्याच्या भाषेत आपण गाडी गॅरेजच्या ताब्यात दिली तेव्हा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ प्रमाणे ‘निक्षेप’, म्हणजे ठरलेल्या कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात सोपवण्याचा व्यवहार, निर्माण झाला. कलम १५१ नुसार, सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्यांनी घ्यायला हवी होती. ताब्यात असताना वस्तूचे नुकसान झाल्याचे दिसले, तर योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार सर्वसाधारणपणे ताबा असणाऱ्यावर येतो. गाडी देतानाची नोंद नसल्याने आपली बाजू थोडी उघडी पडते, हे नाकारता येणार नाही. पण गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली होती, तक्रार ब्रेक कमी लागण्याची होती, जॉब कार्डावर (गॅरेजने ठेवलेल्या कामाच्या नोंदीवर) ड्रमचा उल्लेख नसेल तर तेही, या गोष्टी ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. जॉब कार्डाची प्रत नसेल तर आता लेखी मागा. पैसे घेऊन बिलाचा कागद दिलाच नसेल, तर बिल न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते.

‘समाधानकारक’ या कागदावरच्या सहीने घाबरून जाऊ नका. गाडी ताब्यात घेताना जे डोळ्यांना दिसू शकते, तेवढ्यापुरताच त्या सहीला अर्थ आहे. चाकाच्या आत बंद असलेला दोष आपण पाहिला आणि मान्य केला, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींबाबत मात्र, जसे टायर किंवा बॅटरी बदलली गेल्याची तक्रार, अशी सही नक्कीच अडचणीची ठरते.

व्यावसायिक वाहनाबाबत आपल्याला सांगितले गेले ते अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमाचे कलम २(७) व्यावसायिक प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तू व सेवा वगळते हे खरे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेल्या वस्तूंचा वापर ‘व्यावसायिक प्रयोजन’ धरू नये, असे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पी.एस.जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मालवाहतुकीसाठी स्वतः चालवायला ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो, असे उदाहरणच दिले आहे. एक-दोन मदतनीस घेतल्याने हा दर्जा जात नाही, असेही त्यात म्हटले आहे. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी तत्त्व तेच आहे. गॅरेज मात्र या मुद्द्यावर हरकत घेणारच. म्हणून ट्रक एकच आहे, तो मी स्वतः चालवतो आणि घर त्यावरच चालते, ही विधाने तक्रारीत स्पष्ट लिहा आणि परवाना, नोंदणी व प्राप्तिकर विवरणपत्रे जोडा. ही वाक्ये राहून गेल्यामुळे चांगली तक्रार सुरुवातीलाच अडखळू शकते. पुढे कधी आपण पगारी चालकांवर अनेक गाड्या चालवू लागलात, तर असा वाद बहुधा दिवाणी न्यायालयातच न्यावा लागेल.

गाडी अडवून धरण्याच्या प्रश्नाचे उत्तर करार अधिनियमाच्या कलम १७० मध्ये आहे. वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू धरून ठेवता येते. पहिल्या कामाचे पैसे आपण दिले आहेत आणि दुसरे काम सुरूच झालेले नाही. न केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी हा हक्क उभा राहत नाही. फार तर चाक उघडून पाहण्याची मजुरी ते मागू शकतील, तीही तसे ठरले असेल तर. सर्व जुन्या-नव्या येण्यांसाठी वस्तू अडवण्याचा व्यापक हक्क कलम १७१ ने बँका, अडते अशा मोजक्यांनाच दिला आहे. त्यांत गॅरेज नाही.

तरीही गाडी उभी राहिली की आपली रोजची कमाई थांबते. शिवाय कलम ७३ नुसार भरपाई ठरवताना, नुकसान कमी करण्याचे जे उपाय आपल्या हाती होते तेही विचारात घेतले जातात. त्यामुळे तपासणी झाल्यावर गॅरेज अडूनच बसले, तर रक्कम ‘आक्षेपासह व हक्क राखून’ असे लिहून, शक्यतो बँकेमार्फत भरावी आणि गाडी सोडवावी. अन्यथा ग्राहक आयोगातील तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली गाडी परत देण्याचा अंतरिम आदेश मागता येतो. सदोष ब्रेकची गाडी मात्र चालवत बाहेर काढू नका, ओढूनच न्या. दोष माहीत असताना धोकादायक वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा आहे आणि योग्यता प्रमाणपत्र चालू असल्याने त्यातून सुटका होत नाही. विम्यावरही भिस्त ठेवू नका, कारण यांत्रिक बिघाड व झीज नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेली असते.

अहवाल हाती आल्यावर वकिलामार्फत नोटीस पाठवा. तीत ड्रम व लायनरचा खर्च, गाडी ओढून नेण्याचा खर्च, तपासणीचे शुल्क आणि बुडालेले भाडे मागा. बुडालेल्या भाड्यासाठी मागील काही महिन्यांच्या बिल्ट्या व बँक खात्याचा उतारा लागेल. अंदाजाने फुगवलेला आकडा उरलेल्या मागणीचीही विश्वासार्हता घालवतो. उत्तर समाधानकारक नसेल तर आपण जिथे राहता तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे, पण ड्रमचा पुरावा तेवढा थांबणार नाही. मोबाईलमधील छायाचित्रे व संदेश मूळ फोनमध्येच जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत लागू शकते.

यानंतर गाडी कोणत्याही गॅरेजला देताना दोन्ही वेळची तपासणी एकाच कागदावर घ्या. देताना किलोमीटर, टायर व बॅटरीचे क्रमांक, इंधनाची पातळी, डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, हवेची वा तेलाची गळती आणि चालकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून दोघांच्या सह्या घ्या. चाक उघडल्यावर नवे काही आढळले, तर काम पुढे नेण्याआधी छायाचित्रासह कळवावे, अशी अट त्यातच घाला. परत घेताना काढलेले भाग मागून घ्या, थोडी ट्रायल झाल्यावर सर्व चाकांचे तापमान ताडून पाहा आणि ‘समाधानकारक’ या छापील शब्दाखाली ‘बाहेरून दिसणाऱ्या कामापुरते’ असे हाताने लिहून मगच सही करा. चाके उतरवली गेली असतील तर काही अंतर धावल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात. ते कोणी व किती किलोमीटरवर आवळले, याची नोंदही त्याच कागदावर ठेवा.