पुराच्या बॅगेत आणखी काय भरावं, आणि घोड्याची भीती कशी घालवावी?

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागेतून आलेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. घर कोल्हापुरात, पंचगंगेच्या पूररेषेत. कागदपत्रं, टॉर्च, औषधं, पॉवर बँक, बिस्किटं, पाण्याची बाटली असं नेहमीच्या यादीतलं सगळं बॅगेत भरलेलं आहे, आता वरचं काय उपयोगी पडेल? दुसरं म्हणजे, मागच्या पुरात ज्या मंगल कार्यालयात थांबलात तिथल्या आवारात वरातीचे घोडे आणून बांधले होते आणि त्यांच्या भीतीनं मोरीपर्यंत जाणंही मुश्किल झालं. ती भीती कशी घालवायची?

आधी बॅग. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या जंगलात हरवलेल्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. चकमक, होकायंत्र, मासे धरायचा गळ. कोल्हापुरातला पूरग्रस्त जंगलात जात नाही, तो शाळेच्या वर्गात नाहीतर कार्यालयाच्या हॉलमध्ये जातो आणि तिथं अनोळखी माणसांच्या शेजारी चटई टाकून आठवडाभर राहतो. खाण्याची चिंता करू नका. तालमी, मंडळं, गल्लीतल्या बायका मिळून एवढं जेवण आणतात की तिसऱ्या दिवशी लोक मसालेभाताला हात जोडतात. कमी पडतात त्या भलत्याच गोष्टी.

सगळ्यात मोठं भांडण चार्जिंगवरून होतं. हॉलमध्ये प्लग पॉइंट दोन, त्यातला एक बिघडलेला, आणि मोबाईल शंभर. लांब वायरचा, चार-पाच सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाका. त्याच्याएवढी कामाची वस्तू दुसरी नाही, शिवाय तो लावणाऱ्याला हॉलमध्ये आपोआप मान मिळतो. जोडीला एखादा जुना बटणांचा फोन चालू सिम घालून ठेवा, त्याची बॅटरी दिवसेंदिवस पुरते. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून तो कागद लॅमिनेट करा. मोबाईल बंद पडला की बायकोचासुद्धा नंबर आठवत नाही अशी आपली सगळ्यांची अवस्था आहे. त्याच कागदावर १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर, तसंच १०८ आणि ११२ हेही लिहा.

दुसरी वस्तू, जुनी सुती साडी. हसू नका. दोरीवर टाकली की कपडे बदलायला आडोसा, अंगाखाली घातली की अंथरूण, लहान मूल असेल तर झोळी, आणि वेळ पडली तर हात गळ्यात अडकवायला पट्टी. तिच्याबरोबर पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी आणि कपड्यांचे चिमटे हवेतच, कारण ऑगस्टच्या त्या हवेत काही म्हणून वाळत नाही. ओले कपडे चार दिवस पिशवीत राहिले की त्यांचा जो वास येतो, तो ज्यानं घेतलाय त्याला चिमट्यांची किंमत सांगावी लागत नाही.

मग पाय. पाण्यातून चालत निघायचं असेल तर चप्पल घालू नका, ती गाळात रुतून बसते आणि खाली काच-पत्रा काय आहे ते दिसत नाही. जुने स्पोर्ट्स शूज घाला. पाण्यात उतरण्याआधी बोटांच्या बेचक्यांत खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन चोळा, बाहेर आल्यावर साबणानं पाय धुऊन कोरडे करा, नाहीतर चिखल्या झाल्याच म्हणून समजा. पायाला जखम असेल तर जास्तच जपा. पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यावर आधी घ्यायची गोळी असते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. कोरड्या मोज्यांचे दोन जोड वेगळ्या प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.

पाण्याचं सांगायचं तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराला पाणी उपसून देणारी केंद्रंच पुरात गेली आणि नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर, ही गत. म्हणून क्लोरीनच्या थेंबांची छोटी बाटली ठेवा. थेंब किती टाकायचे ते बाटलीवर असतं. टाकल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाणी असेल तर आधी चार पदरी फडक्यातून गाळा. त्याच वेळी शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवलं, एटीएममध्ये पैसे राहिले नाहीत. म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा बाळगा. पाचशेची नोट त्या दिवसांत कुणी सुटी करून देत नाही. आणि पाऊस लागून राहिला की गाडीची टाकी भरून ठेवा, हे बॅगेतलं नसलं तरी.

किरकोळ पण हमखास विसरणारं: चष्म्याचा जुना जोड, घराची दुसरी किल्ली, नेलकटर, शिट्टी, ओडोमॉस, सॅनिटरी पॅड (स्वतःला लागत नसले तरी ठेवा, शेजारणीला लागतात), घोरणाऱ्यांसाठी कानात घालायचा कापूस. बॅगेला एक भगवं नाहीतर लाल फडकं बांधा. हॉलमध्ये सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात.

कागदपत्रांत आधार, रेशनकार्ड तुम्ही ठेवलं असणारच. त्यात लाईट बिलाची, घरपट्टीच्या पावतीची आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घाला. निघायच्या आधी प्रत्येक खोलीचा मोबाईलवर एक फोटो काढा. पाणी उतरल्यावर भिंतीवर जी रेघ उरते तिचाही फोटो काढा, पुसून काढण्याच्या आधी. पंचनाम्याला तलाठी येतात तेव्हा तोंडी सांगण्यापेक्षा हे दोन फोटो जास्त बोलतात.

आणि बॅग उचलायची कधी, हे आजच ठरवून टाका. पंचगंगेचं पाणी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. मागच्या वेळी आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होतं, ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा आणि त्याच्या बरंच आधी निघा. ‘गेल्या वेळी इथवर आलं नव्हतं’ म्हणत माडीवर बसणारे प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना मग बोटीनं काढावं लागतं, आणि बोटीत बॅग घेऊ देतीलच असं नाही.

आता घोडा. कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा बघत वाढलेल्या गावात घोड्याला घाबरतो म्हणायला लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. लाजायचं काही कारण नाही. तीन-चारशे किलोचं जनावर, अंगात बळ, आणि काय करेल याचा अंदाज नाही, अशा वेळी भीती वाटणं शहाणपणाचंच आहे. यातलं अंदाजाचं तेवढं आपल्या हातात आहे. आमच्या चुलत्यांचा टांगा होता, त्यामुळं तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी), खरारा (अंग घासून साफ करणं) हे घरचंच. तिथं जे शिकलो ते सांगतो.

घोडा मुळात स्वतःच भित्रा. त्याचा सगळा जन्म पळून जीव वाचवण्यावर बेतलेला आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळं जवळजवळ ३५० अंशांतलं त्याला दिसतं. दिसत नाही ते दोन ठिकाणी, कपाळासमोर अगदी नाकाशी आणि शेपटीच्या बरोबर मागं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात, त्यातलं घोड्याचं शंभर टक्के खरं आहे. मागं काहीतरी हललं, काय ते दिसलं नाही, की लाथ बसते. त्यात राग असतोच असं नाही. म्हणून जायचं ते बाजूनं, त्याच्या डाव्या खांद्याच्या रोखानं, कारण घोड्याला माणसाची सवय डावीकडून असते. जाताना बोलत जा. काय बोलता याला महत्त्व नाही, बाजारभाव सांगितलात तरी चालेल, आवाज मात्र एकसारखा आणि खालचा ठेवा. मागून जाणं भागच असेल तर दोन घोड्यांएवढं अंतर सोडा.

मग कान बघायला शिका. कान पुढं म्हणजे लक्ष आहे. बाजूला ढिले म्हणजे निवांत. मागं मानेला चिकटवले म्हणजे सरळ माघारी फिरा, तिथं धीर दाखवू नका. मागचा एक पाय टोकावर टेकवून उभा असेल, खालचा ओठ लोंबत असेल, तर तो डुलकी काढतोय. घोडा उभ्यानंच झोपतो. फुरफुरला की लोक दचकतात, पण बहुतेक वेळा तो नुसतं नाक मोकळं करत असतो.

हे सगळं पुरात शिकता येणार नाही, त्यासाठी पावसाळा नसतानाचे दिवस हवेत. संध्याकाळी रंकाळ्याला चौपाटीवर पोरांना फिरवणारे घोडे असतात. पहिल्या दिवशी लांब कट्ट्यावर बसा आणि नुसते कान बघा. छातीत धडधडलं तरी उठू नका, धडधड कमी होईपर्यंत बसा. हे सगळ्यात महत्त्वाचं. भीती ऐन भरात असताना उठून गेलात तर मन ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतं. बसून राहिलात तर ती आपोआप उतरते, हे शरीराला कळतं. पुढच्या खेपेला थोडं जवळ. एखादा इंच पुढं सरकलात तरी पुष्कळ, घाई कुणाला आहे?

जवळ जाण्याएवढा धीर आला की मालकाशी बोला. सकाळी खरारा करतात त्या वेळी येऊ का विचारा. बहुतेक जण खुशीनं हो म्हणतात, घोड्याबद्दल विचारणारा माणूस त्यांना आवडतो. आधी हाताची मागची बाजू त्याच्या नाकाच्या थोडी बाजूला धरा, त्याला हुंगू द्या. ओठाभोवतीचे राठ केस हाताला लागतात, गरम श्वास येतो, आणि बरेच जण इथंच हसतात. मग थेट कपाळाला हात न घालता मानेवर, आयाळीच्या खाली, केसांच्या दिशेनं हात फिरवा. दोरी धरायला दिली तर हाताला गुंडाळू नका. मालकाला न विचारता काहीही खायला घालू नका. घोड्याला उलटी होत नाही, भलतं पोटात गेलं तर पोटशुळानं जीवही जातो. गूळ द्यायला सांगितलं तर पंजा सपाट, अंगठा बोटांना चिकटलेला.

लहानपणी घोडा चावला किंवा अंगावर आला असेल, आणि नुसत्या फोटोनंही हातपाय गार पडत असतील, तर हे एकट्यानं करू नका. समुपदेशक अशाच पायऱ्यांनी पण सोबत राहून हे करून घेतात.

शिबिरातलं मात्र वेगळं. तिथला घोडा भिजलेला, उपाशी, नव्या जागेत बांधलेला असतो. एरवी बँड-फटाक्यांत शांत उभी राहणारी वरातीची घोडीसुद्धा त्या दिवशी बिथरलेली असू शकते. तेव्हा सराव करत बसू नका. पहिल्याच दिवशी मालकाला गाठा आणि जनावरं मोरीच्या वाटेपासून लांब, तोंड वाटेकडं करून बांधायला सांगा. जागाच नसेल तर जाताना मालकालाच मध्ये घालून चला. रात्रीसाठी त्याचा मोबाईल नंबर त्या लॅमिनेट केलेल्या कागदाच्या मागं लिहून घ्या.